जास्तीचा एक नग

एका गावात एक भोळा हिशेबनीस होता, आणि त्याला कामावर ठेवणारा स्वतःला फार शहाणा समजत होता. हिशेबनीसाचं नाव सदोबा. मालक झुंबरशेठ मंडपवाले. मंडप, खुर्च्या, भांडी भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. अक्कल असलेला हिशेबनीस जास्त पगार मागतो, म्हणून शेठनी सदोबाला ठेवलं. घ्या आता!

पहिल्याच आठवड्यात राऊत मास्तरांनी खुर्च्यांच्या बिलात पाचशेची एक नोट चुकून जास्त दिली. शेठनी बजावून ठेवलं होतं, "बिलापेक्षा जास्त पैसा गल्ल्यात दिसता कामा नये." सदोबाने नोट गल्ल्यात ठेवलीच नाही. दुकानाच्या पायरीवर दगडाखाली ठेवली. शेळीने खाल्ली.

शेठ तडकले. "अरे बैलोबा, जास्तीचं आलं की ज्याचं त्याला परत द्यायचं. आणि वर सही घ्यायची!"

"बरं शेठ."

मग भामाबाई आल्या. नातवाच्या बारशाला मंडप सांगितला, दोन हजार आगाऊ देऊन गेल्या. सदोबाने पाहिलं, बिल तर अजून झालंच नाही. म्हणजे सगळेच जास्तीचे! तो धावत सुटला, बाईंना रस्त्यात गाठलं, पैसे परत दिले, सही घेतली. बाईंना वाटलं शेठला काम नकोय. त्यांनी दुसरा मंडपवाला धरला.

शेठनी कपाळ बडवून घेतलं. "गाढवा, कामाआधी आलेलं परत देतात होय? ठेवून घ्यायचं, पुढच्या कामात वळतं करायचं!"

"बरं शेठ."

पुढे पाटलांच्या वास्तुशांतीहून टेम्पोभर खुर्च्या परत आल्या. एका खुर्चीवर पाटलांचे म्हातारे वडील बसल्या बसल्या झोपले होते. हमालांनी खुर्चीसकट उचलून आणलेले. सदोबाने मोजलं. खुर्च्या बरोबर, म्हातारा जास्तीचा. त्याने ठेवून घेतला. चहा पाजला. दुसऱ्या दिवशी खुर्च्यांबरोबर एका सत्यनारायणाला पाठवून दिला. इकडे पाटील विहिरीत गळ टाकून बापाला शोधतायत, तिकडे बाप प्रसादाचा तिसरा द्रोण चाटतोय!

शेठना पाटलांचे पाय धरावे लागले. घरी येऊन ते सदोबावर ओरडले, "जास्तीचा माणूस ठेवून घेतोस? जिथून आला तिथं आल्या पावली परत पाठवायचा!"

"सही घेऊन?"

"घे बाबा, सही घेऊन!"

हाकलला का नाही म्हणता? त्या पगारात दुसरा कोण येणार!

तेवढ्यात शेठच्या मालनचं लग्न ठरलं. तीन ठिकाणी बापाच्या चिकटपणापायी मोडलेलं, चौथ्या ठिकाणी कसंबसं जमलेलं. बिचारी पोरगी देव पाण्यात घालून बसली होती. पण शेठचा जीव अडकला होता ताटांत. वऱ्हाडाची दीडशे माणसं ठरली होती. शेठनी सदोबाला मंडपाच्या दारात उभं केलं. "मोजून आत सोड. दीडशेवर एक जरी आला, तर काय करायचं माहीत आहे ना?"

"आहे शेठ."

शेठ भटारखान्यात जिलब्या मोजायला गेले.

मुहूर्त जवळ आला. भटजींनी अंतरपाट धरला. मालन हार घेऊन उभी राहिली. अंतरपाटाच्या पलीकडे कोणीच नाही!

शेठ धापा टाकत दारात आले. "सदोबा! नवरदेव कुठाय?"

"नवरदेव कोण ते मला नाही ठाऊक," सदोबा म्हणाला. "दीडशे माणसं आत गेल्यावर मागून घोड्यावरून एकजण आला. डोक्याला फेटा, कपाळावर मुंडावळ्या. मी म्हटलं, तुम्ही जास्तीचे. तो लालबुंद झाला. म्हणाला, मी जास्तीचा? मी म्हटलं, हो, आमचे शेठ हिशेबाला पक्के आहेत. जिथून आलात तिथं जा."

"आणि तो गेला?"

"तरातरा गेला! ही घ्या सही."

शेठ मटकन खाली बसले. सदोबाला वाटलं, सहीने त्यांचं समाधान झालं नाही. त्याने कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"काळजी करू नका शेठ. ह्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असं वर त्याच्याच हातचं लिहून घेतलंय."