दवंडीत नसलेला हुकूम

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या तरुण शिष्यासह नगराबाहेर निघाले होते. आदल्या दिवशी देवळातली चांदीची समई चोरीला गेली होती, म्हणून कोतवालाने दवंडी पिटवली होती की वेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे गाठोडे तपासले जाईल. वेशीवर एक शिपाई उभा होता. हातात काठी आली की काही माणसांना आपण कोतवालाचेही थोरले बंधू आहोत असे वाटू लागते, हा त्यांतलाच.

रांगेत गुरूंच्या पुढे एक कासार होता. शिपायाने त्याच्या पेटाऱ्यातल्या साऱ्या बांगड्या उलथ्यापालथ्या केल्या. समई काही निघाली नाही.

"शिपाईदादा, आता जाऊ ना?" कासार अजिजीने म्हणाला. "पुढच्या गावात लग्न आहे. मुहूर्ताआधी नवरीला चुडा भरायचाय."

"मला घाई शिकवतोस? मी सोडीन तेव्हा जायचं. बस खाली. कान धर."

कासार त्याच्या बापाच्या वयाचा होता. तो भर उन्हात उकिडवा बसला आणि त्याने कान धरले. हा तपास नव्हे, ही निव्वळ मस्ती होती. तरी रांगेतले दोघे-तिघे चक्क हसले. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता गुरुजी या उद्दामाला फैलावर घेतील, म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला.

तेवढ्यात शिपायाचे लक्ष गुरूंकडे गेले आणि तो एकदम कमरेत वाकला. "महाराज, आपण कशाला रांगेत? आपली झोळी का बघायची असते? निघा आपण."

गुरूंनी मात्र झोळी खाली ठेवली, गाठ सोडली आणि पंचा, तांब्या, पोथी असे एकेक काढून मांडले. "बघ," ते म्हणाले. "नीट बघ."

शिपायाने ओशाळून पाहिल्यासारखे केले. शिष्याला आता गुरूंचाच संताप आला. या माजोरड्यापुढे एवढी नम्रता कशासाठी?

झोळी बांधून गुरू कासारापाशी गेले. "उठा," ते म्हणाले.

"त्याला मी बसवलंय, महाराज."

"कुणाच्या हुकमाने? दवंडी मीही ऐकली. गाठोडं तपासा, एवढंच तीत होतं. कान धरायला लावा, असं होतं का? असेल तर सांग, मीही यांच्या शेजारी बसतो."

शिपायाचा चेहरा लाल झाला. "मध्ये पडाल तर तुम्हालाही कोठडीत घालीन."

"घाल. पण कशासाठी घातलंस, ते कोतवालाला सांगावं लागेल. तेवढं आत्ताच ठरवून ठेव."

शिपाई काठी आपटत राहिला. त्याला काही ठरवता येईना. कासार उठला आणि पेटारा उचलून निघाला. उलथ्यापालथ्या झालेल्या बांगड्या आत वाजत होत्या. ज्या हातांनी कान धरले होते, त्याच हातांनी त्याला एका मुलीच्या मनगटावर काच चढवायची होती.

वेशीबाहेर आल्यावर शिष्याला राहवले नाही. "तो सोडत असताना आपण झोळी का उघडलीत?"

गुरूंचा आवाज रागाने थरथरत होता. "तपासणी हे त्याचं काम होतं. त्यात मी कासाराहून मोठा कशाने? ज्या मर्जीने त्याने त्यांना बसवलं, त्याच मर्जीने तो मला सोडत होता. ती सवलत घेतली असती, तर जाब कोणत्या तोंडाने विचारला असता? कामापुरतं त्याचं ऐकावंच. पण काम संपलं की त्याचा हुकूम संपला. त्यापुढे उरते ती नुसती काठी. ती चालते, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक असून कुणी विचारत नाही. दवंडी तूही ऐकली होतीस ना?"

"ऐकली होती."

"मग?"

शिपाई 'निघा' म्हणाला तेव्हा आपलाही पाय चटकन उचलला होता, हे शिष्याला आठवले. राग त्यालाही आला होता, पण तो गुरूंनी बोलून दाखवावा म्हणून तो वाट पाहत राहिला होता.

मागे वेशीवरून तोच आवाज आला. "ए, तू. बस खाली. कान धर."

शिष्य वळला आणि एकटाच वेशीकडे चालू लागला. गुरू रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर टेकले. त्यांनी त्याला हाक मारली नाही.