सणगराचं स्वच्छ घर

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की त्या गावाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही.

त्या गावात घोंगड्या विणणारा एक सणगर राहत होता. बायको कधीच देवाघरी गेलेली. माग, लोकरीचे ढीग आणि एक कुत्री, एवढाच त्याचा संसार. एका हिवाळ्यात कुत्रीला लांडग्याने नेलं आणि मागे तिची चार पिल्लं उरली. सणगराने दुधात चिंधी भिजवून त्यांना जगवलं. त्यातली धाकटी भुरी तर त्याच्या पायाशीच निजायची. तिची ऊब लागल्याशिवाय त्यालाही झोप येत नसे.

पिल्लं चालू लागली तशी घरभर घाण करू लागली. एक दिवस सणगर नदीवरून परतला, तर निवडून ठेवलेल्या लोकरीवरच त्यांनी कार्यक्रम उरकलेला! घाण केव्हाचीच वाळली होती. पिल्लं बिचारी सगळं विसरून शेपट्या हलवत सामोरी आली. सणगराचं डोकं फिरलं. त्याने एकेकाला मानगुटीला धरलं, नाक घाणीत घासलं आणि छडीने झोडपून काढलं.

केकाटणं ऐकून शेजारची धनगराची म्हातारी धावत आली.

"अरं, आता कशापायी मारतूस? मार कशाचा हाय, त्येंला काय ठावं? झोपंतनं उठली की भाईर न्यायची, दूध पिली की भाईर न्यायची. भाईर केली की डोस्क्यावरनं हात फिरवायचा. हळूहळू शिकत्यात."

"एवढी सवड कुणाला हाय, आत्ती? मग माग कुणी चालवायचा? आन् मारल्याबिगर कोण शिकतंय?"

पुढे रोज तेच. घाण दिसली की छडी. थोड्याच दिवसांत घरातली जमीन स्वच्छ दिसू लागली.

"बघितलंस का, आत्ती?" सणगर छाती फुगवून म्हणाला. तो जागचा उठला की पिल्लं भिंतीला चिकटतात, हे म्हातारीने बघितलं होतं.

पिल्लं शिकली होती, हे खरं. पण काय शिकली होती? घाण असली आणि धनी आला, की मार बसतो, एवढंच. म्हणून ती लोकरीच्या ढिगामागे, अगदी कोपऱ्यात जाऊ लागली. सुताला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास घरात कायमचाच, त्यात घाणीचा वासही लपला. भुरी पायाशी यायची बंद झाली. थंडी सरली म्हणून असेल, अशी सणगराने स्वतःची समजूत घातली.

मग एका सकाळी दुधाला तीनच पिल्लं आली.

सणगराने सगळा गाव पालथा घातला. नदी बघितली, माळ बघितला. लांडग्याच्या आठवणीने त्याचा जीव खालीवर होत होता. "भुरे, ये गं! कुठं गेलीस, माझे बाय?" घरात, अंगणात हाका मारून त्याचा घसा बसला.

भुरी घरातच होती. ढिगामागे, हगवणीने गळून पडलेली. तिने त्याची प्रत्येक हाक ऐकली आणि हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी त्याने ढीग सरकवला तेव्हा ती दिसली. त्याने हात पुढे केला तो उचलून घ्यायला. तिला वाटलं, मारायला. उरल्यासुरल्या ताकदीने ती आपल्या घाणीवर पोट टेकून ती झाकू लागली. मांडीवर घेतलं तरी तिची थरथर थांबली नाही. थांबली ती प्राण गेल्यावरच.

"काल कळलं असतं, तर डाळिंबाच्या सालीचा काढा देऊन वाचवली असती रं," म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

सणगराने छडी चुलीत घातली. दुसऱ्या दिवसापासून तो उरलेल्या तिघांना सकाळीच अंगणात नेऊ लागला. पिल्लं तिथे नुसती उभी राहत. तो बघत असेपर्यंत एकही बसत नसे. शेवटी तो त्यांच्याकडे पाठ करून उभा राही, तेव्हा कुठे ती मोकळी होत. पिल्लं मोठी झाली, म्हातारी झाली, तरी सणगराला रोज तसंच पाठ फिरवून उभं राहावं लागलं.

तेव्हा लहानथोर सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं: धाकाने चूक थांबत नाही, ती आपल्यापासून लपते, आणि तिच्या आड दुखणंही लपून राहतं.