रणधवल राजाची हाक

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता, आणि राजापेक्षा त्याचा गाजावाजाच मोठा होता, बरं का! सकाळी नदीवर फिरायला निघाला तरी पुढे नगारे, मागे तुताऱ्या. स्वतःच्या लेकाला बोलवायचं तरी चोपदार ओरडणार. राजानं आपल्या तोंडानं हाक मारायची नाही, असा घराण्याचा रिवाज!

एके सकाळी त्याच्या घोड्यांखाली टिटवीची अंडी चिरडली गेली. नदीकाठची मांत्रिकीण जळाई संतापली. तिनं चिमूटभर वाळू फुंकली, तसा राजाबरोबर आलेला त्याचा आठ वर्षांचा लेक यशोधवल पाणमांजर होऊन नदीत शिरला.

"तीन सकाळी देते," जळाई म्हणाली. "तिसरीला ऊन त्या उंबराच्या शेंड्यावरून मुळाशी उतरायच्या आत लेक ओळख. नाहीतर तो तुला विसरेल, नदीचाच होईल."

दोन सकाळी राजा नगाऱ्यांसकट आला. काठावर बेडूकसुद्धा दिसेना. दिसेल कसा? राजा ढसाढसा रडला.

तेव्हा धीवर पक्षी बोलला, "महाराज, उद्या एकटे या, अनवाणी या. टिटवीला न उडवता वाळू ओलांडा. सुसरीला न उठवता पाणी ओलांडा. मग लेक ओळखा."

तिसऱ्या सकाळी राजा एकटाच आला. वाळूत खडे कुठले नि अंडी कुठली, कळेना. एकेक पाऊल चाचपत तो गेला. टिटवीनं मान वाकडी करून पाहिलं आणि बसून राहिली. पुढे सुसर जबडा उघडून ऊन खात पडलेली. राजा कमरेइतक्या पाण्यात शिरला, तर मासे त्याच्या पायांना गुदगुल्या करू लागले. हसू दाबता दाबता बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला!

पलीकडे खडकावर सात पाणमांजरं मासे खात होती. सातही सारखीच. ऊन उंबराच्या बुंध्यावर आलं होतं.

"श्रीमंत युवराज यशोधवल!" राजा गरजला.

एकानंही मान वळवली नाही.

"ही तर चोपदाराची हाक," धीवर म्हणाला. "तुमची कुठली?"

आठ वर्षांत राजानं लेकाला एकदाही हाक मारली नव्हती. ऊन मुळांकडे सरकू लागलं, तसा तो खडकापाशी गुडघ्यांवर बसला.

"अरे पोरा, तुझ्यावाचून घर खायला उठतं रे! चल ना घरी!"

एका पाणमांजराच्या तोंडातला मासा गळून पडला. ते धावत राजाच्या मांडीवर चढलं, आणि चढता चढता त्याचा ओलाचिंब मुलगा झाला.

"बाबा," त्यानं विचारलं, "हाक तुम्हीच मारलीत?"

"मीच रे, मीच!" राजानं त्याला उराशी धरलं.

जळाईनं शाप आवरला. राजा घाईनं वाड्याकडे निघाला, तर लेकानं त्याचा हात ओढला. "थांबा ना बाबा, कासवांची पिल्लं कुठे असतात ते दाखवतो." आणि राज्य खोळंबलं तरी राजा त्याच्यामागे निघाला. अशी सकाळ त्यांना लाभली, तशी ऐकणाऱ्यालाही लाभो.