अर्धे हिरवे पान

सह्याद्रीच्या उतारावरल्या एका दाट रानात शेकरूची एक पोर आपल्या आईजवळ राहत असे. मुलांनो, शेकरू म्हणजे आपल्या डोंगरांतली ती मोठी तांबूस खार. शेपूट अंगापेक्षा लांब आणि डौल शेपटीपेक्षा लांब. आणि उडी घ्यावी तर या पोरीनेच. या झाडावरून त्या झाडावर अशी झेपावे की खाली चरणारी भेकरे तोंडातला घास विसरत. हे तिला पक्के ठाऊक होते आणि त्याचा तिला गर्वही होता. असू द्या. चांगल्या उडीचा थोडासा गर्व असला, तर माझी काही तक्रार नाही.

त्या रानात, डोंगराच्या सोंडेवर, एक थोरला आंबा होता आणि त्या आंब्यावर राखणदारांची शाळा भरे. उंच फांदीवर बसून रान कसे पाहावे, शत्रू दिसताच हाक देऊन सगळ्यांना सावध कसे करावे, हे तिथे शिकवत. शाळेचा गुरू एक म्हातारा वानर होता. सगळे त्याला आजोबा म्हणत. पोर लहान असतानाच तिच्या बापाला मोरघारीने उचलून नेले होते. मोरघार म्हणजे डोक्यावर तुरा असलेली मोठी शिकारी घार. तेव्हापासून पोरीच्या मनाने एकच घेतले होते, "मी राखणदार होईन. माझ्या पहाऱ्यात कुणाचा बाबा जाणार नाही."

शाळेत प्रवेश वर्षातून दोनदा मिळे. एकदा आश्विनात, पाऊस उघडला की, आणि दुसऱ्यांदा फाल्गुनात, पळस फुलला की. आश्विनात तेच जात, ज्यांनी मनाशी आधीच ठरवलेले असे. निकाल तांबट पक्षी चोचीतून घेऊन येई. हिरवे पान आले तर 'ये', वाळलेले आले तर 'नको'. पोर अर्थातच आश्विनातच गेली. तिने आजोबांपुढे अशी उडी मारली की शाळेतली वानरपिल्ले "वा!" म्हणाली. मग एक खणखणीत हाक दिली, आणि घरी परतताना वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली, "आता मी आंब्यावर राहायला जाणार!" बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

काही दिवसांनी तांबट आला. त्याच्या चोचीतले पान अर्धे हिरवे होते आणि अर्धे पिवळे.

"हे कसलं पान?" पोरीने विचारले.

"म्हणजे आत्ता होही नाही आणि नाहीही नाही. पळस फुलला की पुन्हा बघू, असं आजोबांनी सांगितलंय," तांबट म्हणाला आणि टुक टुक करत पुढच्या झाडावर गेला. त्याला काय, त्याला अजून बऱ्याच घरी पाने पोचवायची होती.

पोरीने पान खाली भिरकावले आणि घरट्यात तोंड खुपसून ती रडली. 'नको' म्हणाले असते तर एकदाची रडून मोकळी झाले असते, असे तिला वाटले. हे अर्धे पान म्हणजे धड गिळता येईना, धड थुंकता येईना. त्यात शेजारच्या फांदीवर कावळा येऊन बसला. "अगं, अर्धं पान म्हणजे नकोच," तो म्हणाला. "तोंडावर सांगायला जड जातं म्हणून असं पाठवतात. सोड तो नाद." कावळ्याला प्रत्येक गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असतो, हे तुम्ही पाहिले असेलच.

खालून कोल्हा म्हणाला, "सोडतेस कशाला? मोठ्यांना सारखं तोंड दाखवत राहावं लागतं. रोज जा, उडी मारून दाखव, जाताना चार उंबरं घेऊन जा. कंटाळून का होईना, घेतील."

पोरीला कोल्ह्याचे पटले. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी आंब्यासमोरच्या जांभळावर जाऊन बसे. आजोबांनी डोळे उघडले की उडी. त्यांनी मान वळवली की पुन्हा उडी. उंबरांचा ढीग आंब्याखाली तसाच पडून मुंग्यांना मिळाला. शेवटी एके सकाळी आजोबांनी तिला जवळ बोलावले.

"पोरी, तुझी उडी आम्ही आश्विनातच पाहिली. चांगली आहे. पण राखणदाराला आम्ही उडीसाठी बसवत नाही," ते म्हणाले. "आता घरी जा. नवीन काही असेल तेव्हा ये आणि एकदाच ये."

पोर मान खाली घालून परतली. आई नवे घरटे बांधत होती. जुने चांगले धडधाकट असताना ती पलीकडच्या ऐनाच्या झाडावर पाने आणि काटक्या रचत होती.

"आई, तुझी ही किती घरटी! राहतो तर आपण एकातच," पोर चिडून म्हणाली. राग आंब्याचा होता, निघाला आईवर.

"आपली जातच अशी," आई हातातले काम न थांबवता म्हणाली. "वारा कुठली फांदी मोडेल ते फांदीला विचारून कळत नाही. म्हणून चार बांधायची. तू मात्र मनात एकच घरटं बांधलंस आणि ते हललं तशी रडत बसलीस." मग तिने हातातली काटकी खाली ठेवली. "आणि एक सांगायचं राहून गेलंय. तुझ्या बाबांना त्या दिवशी हाक ऐकू आली होती. राखणदार झोपला नव्हता. पण हाक एकाच सुरातली. शत्रू वरून येतोय की खालून, तेवढंच कळलं नाही. त्यांना वाटलं बिबट्या आला, म्हणून ते उंच शेंड्यावर पळाले. मोरघार तिथेच घिरट्या घालत होती."

पोर जागच्या जागी थिजली. आश्विनात आपण आजोबांपुढे दिलेली हाक तिला आठवली. खणखणीत होती खरी. पण वरची होती की खालची? ते तिलाही सांगता आले नसते. त्या दिवशी ती रडली, पण त्या रडण्यात अर्ध्या पानाचे दुःख नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. आकाशातल्या शत्रूसाठी तोडून तोडून दिलेली "कट्! कट्!" अशी हाक, आणि जमिनीवरल्या शत्रूसाठी लांबलचक "क्रर्रर्र" अशी. तालमीला तिने सातभाईंचा थवा धरला. सुरुवातीला तिची हाक ऐकून निम्मे सातभाई वर उडत, निम्मे झुडपात शिरत आणि मग सगळे मिळून तिला शिव्या घालत. त्यांच्याइतका भांडखोर पक्षी रानात दुसरा नाही. पण हळूहळू "कट्! कट्!" म्हटले की सगळा थवा खाली झुडपात जाऊ लागला आणि "क्रर्रर्र" म्हटले की वर फांदीवर. शिव्याही कमी झाल्या, बंद मात्र कधीच झाल्या नाहीत.

आईचे म्हणणे ध्यानात ठेवून तिने दुसरे घरटेही बांधले. दरीपलीकडे धनेश पक्ष्याची शाळा होती. कोणते फळ कुठे टाकले म्हणजे तिथे झाड उगवेल, रान कसे वाढते ठेवावे, हे तिथे शिकवत. पूर्वी ती या शाळेला नाक मुरडायची. आता जाऊन पाहते तो काय, तिला ती खरोखर आवडली.

"आंब्याकडे तुझं पान अडकलंय म्हणे," धनेश म्हणाला.

"हो, अडकलंय," पोर म्हणाली. "ती शाळा माझी पहिली आवड आहे, हे लपवणार नाही. पण इथे आले ती मनापासून आले."

धनेशाने मान डोलावली आणि पळस फुलायच्या आधीच तिला हिरवे पान धाडले.

माघातल्या एका दुपारी ती ऐनावर बसली होती. खाली एक रानकोंबडी आपल्या पिल्लांना घेऊन करवंदीच्या जाळीशेजारी माती उकरत होती. एवढ्यात जमिनीवरून एक सावली सरकली. पोरीने वर पाहिले. डोक्यावर तुरा, पसरलेले पंख. मोरघार! बापाला नेणारा पक्षी डोक्यावर होता. पण तिचा आवाज फाटला नाही. "कट्! कट्! कट्!" तिने तोडून हाक दिली. सातभाईंची तालीम रोज ऐकलेली रानकोंबडी पिल्लांसकट जाळीत शिरली. वरच्या फांदीवर एकही गेले नाही. मोरघारीच्या नखांना करवंदीचे काटे तेवढे लागले आणि ती रिकामीच उडून गेली.

पोर खाली उतरली. रानकोंबडी पिल्लांना पुन्हा पुन्हा चोचीने चाचपत होती.

"ताई, एक मागू का?" पोर म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर आंब्याखाली येशील? जे घडलं तेवढंच सांग. माझी तारीफ नको."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या. उंबरे नाहीत, उड्या नाहीत. पोर आजोबांपुढे ताठ उभी राहिली. "आजोबा, आश्विनात माझ्याजवळ एकच हाक होती. आता दोन आहेत. मला अजूनही हीच शाळा हवी आहे. एवढंच सांगायला आले."

"आणि तू गं?" आजोबांनी रानकोंबडीला विचारले.

"मला उड्यांतलं काही कळत नाही," रानकोंबडी म्हणाली. "माझी पिल्लं परवा जेवढी होती, तेवढीच आज आहेत. मला तेवढं कळतं."

आजोबा "बरं" म्हणाले. पोर वळली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. कोल्हा वाटेत कुत्सितपणे हसला, "एवढंच? पाय तरी धरायचे!" पोर तशीच पुढे गेली. तिला सातभाईंची तालीम घ्यायची होती.

पळस फुलला. डोंगर तांबडा झाला आणि तांबट आला. या खेपेला पान पूर्ण हिरवे होते, देठापासून टोकापर्यंत. पोरीने आधी आईच्या गळ्यात उडी मारली. मग ती दरीपलीकडे जाऊन धनेशाचे पान त्याला स्वतः परत देऊन आली, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. "जा, आणि नीट पहारा कर," धनेश म्हणाला. "आम्ही लावलेली झाडं तुझ्याच नजरेखाली आहेत." कावळा म्हणाला, "मी म्हटलंच होतं!" आता त्याने काय म्हटले होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पोर शाळेत गेली. गोतावळा आईकडे गोळा झाला. "अहो, ते हिरवं पान दाखवा की!" सगळे म्हणू लागले. आईची मान ताठ झाली होती आणि तिची शेपटी तर वाऱ्याशिवायच डोलत होती. पण तिने हिरवे पान दाखवले नाही. घरट्याच्या भिंतीत, अगदी दर्शनी बाजूला, एक पान खोचलेले होते. पोरीने भिरकावलेले ते अर्धे पान तिने त्याच संध्याकाळी उचलून आणले होते. आता ते पुरते वाळून गेले होते.

"हिरवं पान आंब्याने दिलं, त्याचे उपकारच आहेत," आई म्हणाली. "पण हे पान आलं, तेव्हा माझी लेक रडली आणि मग कामाला लागली. हे पान तिचं स्वतःचं आहे. बघायचं असेल तर हे बघा."

तात्पर्य : उत्तर लांबणीवर पडले, तर रुसून बसू नये आणि आर्जवेही करू नयेत, आपले काय उणे पडले ते शोधून भरून काढावे, दुसरे घरटेही मनापासून बांधावे, आणि सांगण्याजोगे नवे काही हाती आले की एकदाच, ताठ मानेने, जाऊन सांगावे.