भिवराबाईच्या विहिरीची वर्दी

"या विहिरीशी ज्याचा ज्याचा म्हणून संबंध येतो, त्या प्रत्येकाला वर्दी दे. एक जरी सुटला, तरी विहीर दरबारजमा!" महाराजांनी भिवराबाई कुंभारणीला हुकूम सोडला.

तिचं मागणं ते केवढं! घाटाच्या पायथ्याची आपली विहीर धर्मादाय करावी, गावच्या पंचांच्या स्वाधीन करावी आणि दरबारात तशी नोंद व्हावी. पोटी मूलबाळ नाही. नोंदीआधी डोळे मिटले तर विहीर सरकारात जाणार आणि वाटसरू तहानेले राहणार. दिवाण चिंतोपंतांचा ऊस विहिरीला लागूनच होता. वर्दीची अट महाराजांच्या कानी घातली ती त्यांनीच, आणि महाराजांच्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट बाहेर काढायला ब्रह्मदेवही थकावा.

"घाटातून कोण कुठले येतात-जातात, त्यांची नावं तरी ठाऊक आहेत का गं तुला?" पंतांनी जाता जाता विचारलं. "पौर्णिमेला सुनावणी आहे हो, विसरू नकोस."

भिवराबाईने पहिली वर्दी विहिरीतल्या सातीआसरांना दिली, हळदकुंकू वाहून. मग त्याच अमावास्येला विहिरीचा दोर-पोहरा काढून देवळात टांगला, विहिरीवर बोरीच्या फांद्या पसरल्या आणि पाणी काढायला घरून आपली कळशी-दोरी आणून स्वतःच काठावर ठाण मांडलं. येईल त्याने ओंजळ धरायची, वर्दी ऐकायची, मग पाणी. घाईतल्या शिपायालासुद्धा तिने सोडलं नाही. गावच्या बायका तर घागर टेकवतानाच म्हणायच्या, पाठ झालंय गं बाई, आता ओत! तरी ती पुन्हा सांगायचीच.

पौर्णिमेला दरबार भरला. पंतांनी लगेच एक मिशाळ व्यापारी उभा केला. मला कुणी एका अक्षरानेही सांगितलं नाही, अशी त्याची तक्रार.

भिवराबाईने विचारलं, "दादा, पाणी प्यायलात का माझ्या विहिरीचं?"

"कालच की! स्वतः पोहऱ्याने शेंदून पोटभर प्यायलो."

पंच गालात हसले. पोहरा तर अमावास्येपासून देवापुढे लटकत होता. पंचांनी तसं सांगताच व्यापाऱ्याने मिशीवरचा घाम पुसला आणि आपण प्यायलोच नाही, असं कबूल केलं.

"मग तुमचा संबंध तरी काय?" भिवराबाई म्हणाली. "जो प्याला त्याला सांगितलं, महाराज. ज्याला सांगितलं नाही, तो प्यालाच नाही."

चिंतोपंत ताडकन उठले. "मला कुठे सांगितलंस? माझा बांध आहे विहिरीला!"

"तुम्ही ओंजळ घेऊन आलाच नाहीत, पंत. तहान असती तर आला असता. हाव काही ओंजळीत मावत नाही."

महाराज असे हसले, की मंदिल डोळ्यांवर आला. तिथल्या तिथे नोंदीवर मोहर उठली, भिवराबाईला साडीचोळी मिळाली, आणि पंतांच्या उसातली बांधालगतची पट्टी वाटसरूंच्या सावलीकरता विहिरीच्या नावे चढली.

"पंत," महाराज डोळे पुसत म्हणाले, "त्या पट्टीशी तुमचा संबंध येतो ना? ही घ्या वर्दी!"