बांधावरची सही

"मग सही का करत नाही, बाबा?"

सुजित नलवडेचा आवाज चढला होता. लतीफबाबा बांधावर शांत बसून होते.

दर्ग्यामागच्या तुकड्यात हा म्हातारा फकीर वर्षानुवर्षं न नांगरता पेरायचा. शेजारच्या शेतातला सुजित त्याच्याकडूनच ते शिकला. आता जमीन जपणाऱ्या नव्या पद्धतींना अनुदान मिळणार होतं. उद्या कृषी खात्याचे साहेब पाहणीला येणार होते, आणि अर्जावर जाणत्या शेतकऱ्याची सही तेवढी राहिली होती.

"पंचक्रोशीत माझ्यासारखं शेत दाखवा," सुजित म्हणाला.

"अर्ज वाच."

सुजित वाचू लागला. नांगर नाही. पाचटाचं आच्छादन. मग, "तीन वर्षांत तणनाशकाचा एक थेंबही..."

तो अडखळला.

बाबा परगावी उरुसाला गेले होते, तेव्हा त्यानं फवारणी उरकली होती. शेत फोटोत नीटनेटकं दिसावं म्हणून.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबांनी नुसता सुजितच्या शेताकडे हात केला.

भर दुपारी, तापलेल्या मातीवर गांडुळं वर आली होती. शेकड्यांनी. सगळी एकाच दिशेला, बांधाकडे सरकत होती. कसला म्हणून आवाज नव्हता. बाभळीवर बगळे ओळीनं बसले होते. एकही खाली उतरत नव्हता.

 सुजितनं खाली वाकून ओंजळभर गांडुळं उचलली, मागं नेऊन पाचटाखाली सोडली.

ती बाहेर आली. वळली. पुन्हा बांधाकडे निघाली.

त्यानं परत उचलली. परत तेच...

बाबांनी पाय वर घेतले आणि त्यांना वाट करून दिली.

सुजित उकिडवा बसला. मग त्यानं मांडीवर अर्ज ठेवला, तणनाशकाची ओळ खोडली आणि खरं काय ते लिहिलं. खाली स्वतःची सही केली. अनुदान गेलं, हे त्याला कळत होतं.

"आता तरी थांबतील?"

 शेवटचं गांडूळ बांध ओलांडून पलीकडे, बाबांच्या तुकड्यात गेलं.

"बाबा... परत कधी येतील?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. जणू तिथं कुणी नव्हतंच.

"तू गेलास की."