हेस्टरबाईंकडे राहायला आलेली वाट

एकदा काय झालं, एका वाटेची वाट लागली.

हसू नका. खरंच लागली. मुक्ता, पाय पांघरुणात घे. आणि ओजस, तू तिची उशी सोड आधी. हां, आता ऐका.

ही वाट होती इंग्लंडातली. फार जुन्या काळची. मी तिथे गेले होते का, असं विचारू नका. नाही गेले. पण गोष्टीत जायला कुठे विमान लागतं?

तर तिथले डोंगर आपल्यासारखे उंच नाहीत. कणीक मळून फडक्याखाली झाकून ठेवावी, तसे गोल आणि मऊ. सगळीकडे गवत, गवतावर मेंढ्या. दोन शेतांच्या मधे झुडपांचं दाट कुंपण, आणि त्या कुंपणात पाखरांची घरटी. घरांवर पेंढ्याची छपरं. पाऊस तर रोजचाच, पण आपल्यासारखा बदाबदा नाही. भुरभुर, भुरभुर, दिवसभर. आणि लोक काय करतात, माहीत आहे? त्यातच फिरायला निघतात!

अशा एका गावात राहायची हेस्टरबाई. म्हातारी, एकटी, जिभेची तिखट पण मनाची चांगली. माझ्यासारखीच म्हणा ना. शेतांच्या पलीकडच्या गावात तिची धाकटी बहीण राहायची, विनी. विनीचे गुडघे गेले होते. काठी टेकत कशीबशी फाटकापर्यंत यायची, त्यापुढे नाही. मग दर रविवारी चर्चची घंटा वाजली की हेस्टर टोपलीत ताजा पाव घ्यायची आणि शेतातल्या पायवाटेने विनीकडे जायची. दोघी चहा प्यायच्या, गावातल्या सगळ्यांना नावं ठेवायच्या, आणि ऊन कललं की हेस्टर घरी. तसा मोठा रस्ता होता, नाही असं नाही. पण तो अख्ख्या टेकडीला वळसा घालून जायचा. हेस्टरच्या पायांना तो झेपायचा नाही. वाट होती म्हणून बहीण भेटायची, बरं का.

मग एका वसंतात शेत विकत घेतलं अँब्रोससाहेबाने. माणूस वाईट नव्हता हो. पण त्याला सगळं सरळ रेषेत लागायचं. त्याच्या मिश्यासुद्धा सरळ होत्या. शेतातून वाकडीतिकडी जाणारी वाट त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. त्याने काय केलं? नांगर घातला तिच्यावर आणि गहू पेरला. झालं. वाट गेली.

पण गेली कुठे?

दुपारी हेस्टरच्या दारावर थाप पडली. उघडून बघते तो काय, पायरीवर वाट बसलेली! सतरंजीसारखी गुंडाळी झालेली, अंगभर चिखल, कडेला पांढरी रानफुलं चिकटलेली. आणि मुसमुसत होती बिचारी.

"आत ये," हेस्टर म्हणाली, "पण पाय पुसून ये."

आता वाटेला कुठले पाय? मग ती पायपुसण्यावर सगळीच्या सगळी लोळली.

विस्तवापाशी बसून जरा ऊब आल्यावर वाट म्हणाली, "हेस्टरबाई, गावचा नियम ठाऊक आहे ना? मालकाने वाट मोडली तर मोडू द्यायची. पण पुढच्या वसंतात कुकूपक्षी पहिल्यांदा ओरडेल, तेव्हा वाट जिवंत असली तर मालकाने ती परत द्यायची. कायमची. आणि मेली, तर संपलं."

"आणि तू जिवंत राहतेस कशाने?"

"कुणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्याने. अर्ध्यातून परतलं तर नाही चालत."

"एवढंच ना?" हेस्टर म्हणाली. "मग जाते की मी."

उन्हाळा आला. गवत कापून लोकांनी ढीग रचले, साऱ्या गावाला गोड वास सुटला. हेस्टरने वाट काखेत मारली आणि शेताच्या अगदी कडेने, कुंपणाला लागून, अंथरली. चालायला लागली. अर्ध्यावर जाते तर साहेबाचा बैल आला आणि वाटेवर बसला. बसला तो बसलाच. हेस्टर रागावली, त्याला छत्रीने ढोसलं. बैल रवंथ करत राहिला. मग परत फिरली.

मग पानं पिवळी झाली. कुंपणात काळी काळी रानफळं पिकली, पोरांची तोंडं निळी झाली. या वेळी हेस्टरने वाट ओढ्यावर अंथरली. पाणी काय कुणा साहेबाचं असतं? पण पाण्याने वाटेला ओढलं, वाटेने हेस्टरला ओढलं, आणि दोघी धप्पकन ओढ्यात! बदकं मात्र वाटेवरून झोकात चालत गेली, अर्ध्यापर्यंत. घरी येऊन हेस्टरने वाट पिळली आणि दोरीवर वाळत घातली. तिला सर्दी झाली. कुणाला म्हणजे? दोघींना. रात्रंदिवस दोघी शिंकत होत्या.

मग बर्फ पडला. शेतं पांढरी झाली, ओढा गोठला, छपरांवर बर्फाच्या गाद्या. हेस्टर म्हणाली, आता कुठे गहू तुडवला जातोय! तिने बर्फावर वाट टाकली. चार पावलं गेली आणि सटकन पडली. उठली, पुन्हा पडली. वरून बर्फ भुरभुरतच होता, वाट त्याच्याखाली दिसेनाशी झाली. हेस्टरने ती बोटांनी उकरून काढली आणि रडत घरी आली. होय, रडत. म्हातारी माणसंसुद्धा रडतात.

वाट आता दोऱ्याएवढी बारीक झाली होती. हेस्टरने ती लोकरीच्या शालीत गुंडाळून पावाच्या टोपलीत ठेवली. वाट गेली तर विनी पुन्हा दिसायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात.

आणि एक दिवस बर्फ वितळला. झाडांखाली निळी फुलं उमलली, कोकरं उड्या मारायला लागली. आणि सकाळी सकाळी रानातून आवाज आला, कुकू! कुकू!

हेस्टरने पावाची टोपली उराशी धरली. तेवढ्यात अँब्रोससाहेब दारात हजर. टोपी सरळ, मिश्या सरळ.

"नियमाप्रमाणे आलोय, हेस्टरबाई. वाट दाखवा."

हेस्टरने डोळे मिटून शाल उलगडली. आणि शाल हलली! वाटेने मोठ्ठी जांभई दिली, अंग ताणलं, आणि बघता बघता पहिल्यासारखी रुंद झाली. कडेला नवी पांढरी फुलंसुद्धा!

"कोण चाललं हिच्यावरून?" साहेब ओरडला.

"कुणीच नाही," हेस्टर म्हणाली. "मी तीनदा निघाले, तीनदा परत आले. खोटं कशाला बोलू?"

साहेब बुचकळ्यात पडला. पण नियम म्हणजे नियम. तो दारातून बाजूला झाला. मग काय विचारता! वाट सुटली ती शेतातून, गहू दोन्ही बाजूंना सरला, बैल आपण होऊन उठला. मागून टोपली घेऊन हेस्टर. तिच्या मागून साहेब, वाट जगली कशी ते शोधायला.

वाट थेट विनीच्या फाटकाशी जाऊन थांबली. फाटकात खुर्ची टाकून विनी बसली होती.

"पाव आणलास का?" विनी म्हणाली. दुसरं काही तिला सुचेचना.

साहेबाने विचारलं, "बाई, तुम्ही चाललात का हो या वाटेवरून?"

"मी? या गुडघ्यांनी?" विनी म्हणाली. "मी आपली इथे बसून हेस्टरची वाट बघत होते."

"केव्हापासून?"

"केव्हापासून म्हणजे? ती यायची थांबली तेव्हापासून. रोज. पाऊस आला तर डोक्यावर शाल घ्यायची."

मग सगळं उमगलं, बरं का. पाय कुणाचेच पोचले नव्हते. पण विनीची नजर रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, थेट हेस्टरच्या दारापर्यंत. हेस्टरने टोपली खाली ठेवली आणि बहिणीला घट्ट मिठी मारली. साहेबाने टोपी काढली. त्यालाही चहा मिळाला. पुढे तो नांगर घालायचा तेव्हा वाटेला वळसा घालायचा, वाकडातिकडा. बहिणी सुखात राहिल्या, साहेब सुखात राहिला, मेंढ्या आणि बैलसुद्धा.

चला, मिटा डोळे. ऊं हूं, दाराकडे बघायचं नाही आता. दवाखान्यातलं काम संपलं की आई येईलच. मी जागी आहे. आल्याबरोबर सांगते तिला, डोळे मिटेपर्यंत दोघं तुझी वाट बघत होते म्हणून.